जिनिव्हाला दिलेला होकार

चांगली नोकरी चालून येते. पगार आत्ताच्या दीडपटीहून जास्त, राहायच्या जागेचे पैसे वेगळे, हाताखाली माणसं, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याबरोबर बायकोलाही तिथेच रीतसर काम. होकार कळवून होतो. दोघं जाऊन गाव बघून येतात, तिथली माणसं प्रेमाने आगतस्वागत करतात. आणि उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत तिकडे पत्र जातं, की क्षमा करा, आम्ही येत नाही.

आपल्या गल्लीत कुणी असं केलं तर आठवडाभर चर्चेला विषय मिळेल. हातची लक्ष्मी घालवली म्हणून सासूबाई बोलतील, शब्द दिला तर पाळायला नको का म्हणून मामा बोलतील. आणि दोघांचंही बोलणं अगदीच चुकीचं असेल असंही नाही.

१९०० सालच्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या एका जोडप्याने हेच केलं. त्यातली बायको म्हणजे मेरी क्युरी. शाळेच्या धड्यात आपण सगळ्याच तिला भेटलो आहोत. रेडियमचा शोध, दोन नोबेल पारितोषिकं, काळ्या पोशाखातला तो गंभीर चेहरा. जिनिव्हाच्या नोकरीबद्दल मात्र धड्यात काही नसतं. खरं तर तिच्या संसाराची सगळी ओढाताण त्या एका गोष्टीत दिसते.

मेरीचं माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का, घरातली हाक मान्या. जन्म ७ नोव्हेंबर १८६७, गाव वॉर्सा. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता आणि वॉर्सा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. वरिष्ठांची मर्जी फिरली, बढती आणि राहती जागा दोन्ही गेलं, म्हणून घरात शिकणारी मुलं जेवायला-राहायला ठेवायची वेळ आली. त्या गर्दीतूनच घरात ताप शिरला आणि थोरली बहीण झोफिया गेली. पाठोपाठ १८७८ मध्ये क्षयाने आई गेली. मान्या तेव्हा दहा वर्षांची होती.

अभ्यासात पोरगी पहिली. १८८३ मध्ये सुवर्णपदक घेऊन शाळा संपवली. पण पुढे काय? वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग दोघी बहिणींनी आपसात एक करार केला. मोठ्या ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्या पायावर उभी राहिली की तिने मान्याला बोलवायचं.

हा करार मान्याने कसा पाळला ते बघण्यासारखं आहे, कारण शब्द मोडणाऱ्यांपैकी ती नव्हती हे त्यातून कळतं. १८८६ च्या जानेवारीत, अठराव्या वर्षी, ती दूर खेड्यातल्या एका जमीनदारी व्यवस्थापकाच्या घरी मुलांना शिकवायला राहिली. वर्षाला ५०० रुबल पगार. त्या घरचा थोरला मुलगा काझिमिएझ सुट्टीत घरी आला, दोघांचं मन जुळलं, लग्नाचं बोलणं निघालं. आईवडिलांनी साफ नकार दिला. घरात नोकरीला असलेली मुलगी सून म्हणून कशी चालेल? असा अपमान झाल्यावर कुणीही सामान बांधलं असतं. मान्याने बांधलं नाही. ब्रोन्याचे पैसे थांबले असते ना! त्याच घरात, त्याच टेबलावर जेवून, तिने आणखी वर्षाहून जास्त काढलं.

१८९१ मध्ये ती पॅरिसला पोचली. सॉर्बोनमध्ये नाव घालताना मारियाची मेरी झाली. सहाव्या मजल्यावरची खोली, हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठायचं, जेवणाची आबाळ इतकी की एकदा मैत्रिणीसमोर चक्कर येऊन पडली. हे सगळं धड्यात आहेच. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत ती पहिली आली, १८९४ मध्ये गणिताच्या परीक्षेत दुसरी. मधल्या काळात पोलंडमधून ६०० रुबलची शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढे पहिली कमाई हातात आल्याबरोबर तिने ती रक्कम जशीच्या तशी परत पाठवली. शिष्यवृत्ती परत करणारं त्या संस्थेने आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. पण मेरीच्या लेखी ते ऋण होतं.

१८९४ च्या वसंतात तिला पिएर क्युरी भेटला. पस्तिशीतला, शांत, स्वतःच्या नावाची फारशी पर्वा नसलेला शास्त्रज्ञ. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती चटकन हो म्हणाली नाही. वडील तिकडे एकटे, देश पारतंत्र्यात. शिकून परत जायचं तिने मनाशी ठरवलेलं होतं. मग पिएरने आपणच पोलंडला येऊन राहण्याची तयारी दाखवली. तिथे फ्रेंच शिकवीन, जमेल तेवढं विज्ञान करीन, असा त्याचा विचार. प्रत्यक्षात तसं करावं लागलं नाही. २६ जुलै १८९५ रोजी लग्न झालं. लग्नाचा पोशाख तिने मुद्दाम गडद निळा शिवून घेतला, म्हणजे नंतर प्रयोगशाळेत वापरता येईल. आहेराच्या पैशातून दोन सायकली घेतल्या आणि दोघं फिरायला निघाली.

संसार तिने नेटका केला. हिशेबाच्या वहीत रोजचा खर्च लिहायची. १८९८ सालच्या उन्हाळ्यात तिने फळांची जेली केली. आठ पौंड फळं, तेवढीच साखर, आणि बरण्या झाल्या चौदा, अशी नोंद तिने स्वयंपाकाच्या पुस्तकाच्या समासात करून ठेवली. प्रयोगाच्या वहीत करावी तशीच. त्याच जुलैमध्ये तिने आणि पिएरने एका नव्या मूलद्रव्याची घोषणा केली होती आणि आपल्या देशावरून त्याला पोलोनियम नाव दिलं होतं. डिसेंबरमध्ये दुसऱ्याची केली. ते रेडियम.

तोवर घरात इरेन होती. ती जन्मली १२ सप्टेंबर १८९७ ला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पिएरची आई गेली. एकटे पडलेले सासरे डॉक्टर युजीन क्युरी मुलाकडे राहायला आले. माझ्या मते रेडियमच्या शोधात या सासऱ्यांचा वाटा कुणी नीट मोजलेलाच नाही. सून दिवसभर प्रयोगशाळेत, आणि हे घरी नातीला गोष्टी सांगताहेत, बागेत फिरवताहेत. सुनेने घरी बसावं असा आग्रह त्यांनी धरला नाही. त्या काळात, आणि तेही इतक्या वडीलधाऱ्या माणसाने!

आता त्या प्रयोगशाळेकडे येऊ. पिएर ज्या शाळेत शिकवायचा, तिच्या आवारात अंगणापलीकडे एक पडकी शेड होती. पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थी प्रेतांची चिरफाड शिकायचे. नंतर त्या कामालाही ती नको झाली. वर काचेचं छप्पर, तेही गळकं. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. पुढे एक मोठे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ती जागा बघायला आले, तेव्हा त्यांना ती तबेला आणि बटाट्याचं तळघर यांच्या मधली काहीतरी वाटली. फुकट मिळत होती, एवढाच तिचा गुण.

रेडियम आहे असं म्हणून भागत नव्हतं. रसायनशास्त्रज्ञांचं म्हणणं सरळ होतं, की मूलद्रव्य असेल तर बाटलीत घालून दाखवा, त्याचं अणुभार सांगा. रेडियम सापडायचं पिचब्लेंड नावाच्या खनिजात, आणि तेही इतकं कणभर की टनावारी माल उपसावा लागे. बोहेमियातल्या खाणीत युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा फेकून दिलेला असायचा. तो ऑस्ट्रियाच्या सरकारकडून मिळाला, वाहतुकीचा खर्च मात्र क्युरींचा. पोती आली, तपकिरी माती, तिच्यात पाइनच्या झाडाची सुकी पानं मिसळलेली.

मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल उकळायला घ्यायची. जवळजवळ स्वतःच्या उंचीची लोखंडी कांब घेऊन तो ढवळत राहायचा. धूर इतका की जमेल तेव्हा हे काम अंगणात, पाऊस आला की पुन्हा आत. पुढे सुरुवातीचं जाडंभरडं काम एका कारखान्यात होऊ लागलं, पण शेवटचं नाजूक काम शेडमध्येच. ते कसं, तर पाकातून खडीसाखर धरते ना, तसं. गरम द्रावण निववायचं, खडे धरू द्यायचे, ते काढून पुन्हा विरघळवायचे, पुन्हा निववायचे. दर खेपेला रेडियमचं प्रमाण थोडं वाढतं. अशा खेपा किती, याला गणतीच नाही. टेबलांवर, फळ्यांवर सगळीकडे छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत कामाचा वेगवेगळा टप्पा. वाऱ्याने धूळ उडून वाटीत पडली तरी कित्येक दिवसांचं काम नासायचं.

हे सगळं चालू असताना घरात पैसा किती होता? शाळेचा पगार महिन्याला ५०० फ्रँक, म्हणजे वर्षाला ६०००. त्यात बाळाला सांभाळणारी बाई, घरकामाला बाई, घरभाडं. मेरीला शेडमधल्या कामाचा एक छदाम मिळत नव्हता. १८९८ मध्ये सॉर्बोनमध्ये एक जागा निघाली होती, ती पिएरला मिळाली नाही. तो फ्रान्सच्या नामांकित संस्थांमधून शिकून वर आलेला नव्हता आणि ओळखीपाळखी काढणं त्याला जमत नसे. मग त्याने पॉलिटेक्निकमध्ये शिकवणीचं जादा काम धरलं.

आणि १९०० मध्ये जिनिव्हा विद्यापीठाचं बोलावणं आलं. भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद. पगार १०,००० फ्रँक, शिवाय घरासाठी भत्ता. प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून नेमणूक, दोन सहायक, आणि पिएरशी बोलून प्रयोगशाळेचा खर्च वाढवण्याची, उपकरणं पुरी करण्याची तयारी. त्याच प्रयोगशाळेत मेरीसाठीही अधिकृत जागा.

शेवटच्या वाक्यावर जरा थांबू या. फ्रान्समध्ये मेरीला त्या वेळी संशोधक म्हणून कुठेच पद नव्हतं. पोलोनियम आणि रेडियम शोधून झाल्यावरही ती नवऱ्याच्या शाळेच्या शेडमध्ये परवानगीने काम करणारी बाई होती. आणि हे परक्या देशातलं विद्यापीठ तिला हक्काची खुर्ची देत होतं. भाषेचीही अडचण नाही, जिनिव्हात फ्रेंचच बोलतात.

पिएरने होकार कळवला. जुलैमध्ये दोघं जिनिव्हाला जाऊन आली. तिथल्या मंडळींनी मनापासून स्वागत केलं.

परत आल्यावर मात्र दोघांच्या मनात चलबिचल सुरू झाली. नव्या ठिकाणी रुजू व्हायचं म्हणजे नवीन अभ्यासक्रम, नवीन व्याख्यानांची तयारी, प्रयोगशाळेची मांडामांड. त्यात कित्येक महिने जाणार. तेवढे दिवस रेडियमचं काम बंद. आणि त्या शेकडो वाट्या? अर्ध्यावर आलेलं ते सगळं उचलून दुसऱ्या देशात नेणं म्हणजे विरजण लावलेलं भांडं घेऊन एसटीने प्रवास करण्यासारखं. काम नुसतं थांबलं नसतं, मागे गेलं असतं. शिवाय जर्मनीतही काही जण रेडियमच्या मागे लागले होतेच.

पिएरने जिनिव्हाला पत्र लिहिलं, आभार मानले, माफी मागितली आणि राजीनामा दिला. रुजू होण्याआधीच दिलेला राजीनामा. पत्र त्याच्या नावाने गेलं कारण मुख्य नेमणूक त्याची होती; पण त्या पत्राबरोबर मेरीचीही नोकरी गेली.

आता जिनिव्हाच्या बाजूनेही बघायला हवं. त्यांनी अटी गोड केल्या, पाहुणचार केला, प्राध्यापक मिळाला म्हणून निश्चिंत झाले, आणि ऐन सत्र तोंडावर आलं असताना नवा माणूस शोधायची पाळी. त्यांना वाईट वाटलं असेल तर नवल नाही. माझ्या मनात येतं, होकार देण्याआधी हा विचार सुचला नव्हता का? त्या वाट्या तर जुलैच्या आधीही तिथेच होत्या. पण पोटाची चिंता असली की माणूस आधी पगाराचा आकडा वाचतो, बाकीचं नंतर दिसतं. अपमान गिळून बहिणीला पैसे पाठवणारी, शिष्यवृत्ती परत करणारी मेरी दिलेल्या शब्दाची किंमत जाणत नव्हती असं तर म्हणताच येणार नाही. यांनी निदान एक केलं, तळ्यात-मळ्यात करत रुजू होऊन मग वर्षभराने अंग काढून घेतलं नाही. वेळ होता तोवर स्पष्ट कळवलं, सबबी सांगितल्या नाहीत, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

ती किंमत थोडी नव्हती. क्युरी देश सोडून जातात की काय, या बातमीने पॅरिसमध्ये थोडी जाग आली होती. मोठे गणिती आंरी प्वांकारे यांनी शब्द टाकला आणि पिएरला सॉर्बोनच्या एका शाखेत नेमणूक मिळाली. वैद्यकीला जाणाऱ्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचं. पहिली शाळा सुटली नाहीच. म्हणजे दोन ठिकाणी दोन नोकऱ्या. मेरीला त्याच वर्षी सेव्र इथल्या मुलींच्या वरिष्ठ शिक्षक-विद्यालयात व्याख्यातीची जागा मिळाली. पॅरिसबाहेर, ट्रामने रखडत जायचं. ती धडे इतक्या कसोशीने तयार करायची की मुली तिच्या तासाची वाट बघत. नुसतं फळ्यावर न शिकवता तिने मुलींच्या हातून प्रयोग करून घ्यायला सुरुवात केली.

घरचा हिशेब जुळायला लागला. पण गंमत बघा, गंमत कसली, दैवाची चेष्टाच ती. शिकवण्यात महिने जातील म्हणून जिनिव्हा सोडलं, आणि पॅरिसमध्ये शिकवण्यात वर्षं जाऊ लागली. पिएरच्या वाट्याला प्रयोगशाळा म्हणून दोन लहान खोल्या. १९०२ मध्ये विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत तो हरला. १९०३ मध्ये सरकारी सन्मानपदक देऊ केलं, तेव्हा त्याने ते नाकारलं. पदकाची गरज नाही, प्रयोगशाळेची फार गरज आहे, असं कळवून टाकलं. त्याचे पाय दुखायचे, रात्ररात्र झोप नसायची. दोघांची तब्येत बघून एका मित्राने जेवणाखाण्याच्या हेळसांडीबद्दल लांबलचक पत्र लिहून मेरीची कानउघाडणी केली. त्या दुखण्यामागे रेडियमचाही हात होता, पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वाट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. १९०२ मध्ये मेरीने शुद्ध रेडियम क्लोराइड वेगळं काढलं. वजन एक दशांश ग्रॅम. अणुभार तिने २२५ काढला. आज तो २२६ धरतात. इतक्या वर्षांच्या उकळण्या-ढवळण्यातून चिमटीभरही नाही. पण ते अंधारात चमकायचं. रात्री इरेनला झोपवून, सासऱ्यांवर घर सोपवून दोघं कधीकधी पायी शेडमध्ये जात आणि दिवा न लावता बसून राहत. त्या गळक्या शेडमधली वर्षं आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती, असं मेरीने पुढे लिहून ठेवलं आहे.

जिनिव्हात दोन सहायकांच्या मदतीने हेच काम लवकर झालं असतं का? कदाचित झालं असतं. तिथल्या उबदार खोल्यांत पिएरची तब्येत टिकली असती का, असंही मनात येतं. याचं उत्तर त्या दोघांनाही देता आलं नसतं.

रेडियम वेगळं करण्याची कृती हाती आली तेव्हा तिचं पेटंट घेण्याचा विषय निघाला. घेतलं असतं तर घर, प्रयोगशाळा, मुलीचं भविष्य, सगळंच सुटलं असतं. दोघांनी बोलून ठरवलं, घ्यायचं नाही. विज्ञानाच्या वृत्तीत ते बसत नाही. विचारेल त्याला कृती सांगून टाकली.

१९०३ च्या जूनमध्ये मेरीने डॉक्टरेट मिळवली. ऑगस्टमध्ये पोटातलं बाळ गेलं, आणि ती कितीतरी दिवस त्या दुःखातून वर आली नाही. डिसेंबरमध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल आलं, अर्धं हेन्री बेकरेल यांना, अर्धं क्युरी पतिपत्नीला. मुळात शिफारस पिएर आणि बेकरेल यांचीच झाली होती. एका स्वीडिश गणितज्ञाने पिएरच्या कानावर हे घातलं, पिएरने मेरीशिवाय हे काम झालंच नसतं असं ठामपणे कळवलं, तेव्हा तिचं नाव आलं.

मग कुठे सॉर्बोनला जाग आली. १९०४ मध्ये पिएर प्राध्यापक झाला, आणि त्याच्या प्रयोगशाळेची कार्यप्रमुख म्हणून मेरीची नेमणूक झाली, वर्षाला २४०० फ्रँकवर. जिनिव्हाने जे १९०० मध्ये न मागता देऊ केलं होतं, ते स्वतःच्या शहरात मिळायला चार वर्षं आणि एक नोबेल लागलं. त्या डिसेंबरमध्ये दुसरी मुलगी एव्ह जन्मली.

पुढचं दीड वर्ष बरं गेलं. १९ एप्रिल १९०६ ला पावसात रस्ता ओलांडताना पिएर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडला. जागीच गेला. मनासारखी प्रयोगशाळा त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही.

सरकारने विधवेला निवृत्तिवेतन देऊ केलं. अडतीस वर्षांची मेरी म्हणाली, नको, मी कमावू शकते. मग पिएरचाच अभ्यासक्रम तिच्याकडे सोपवण्यात आला आणि ५ नोव्हेंबर १९०६ ला सॉर्बोनमध्ये शिकवणारी पहिली स्त्री म्हणून ती उभी राहिली. बघ्यांची गर्दी होती, काही भावनांनी ओथंबलेलं भाषण होईल अशी सगळ्यांची अपेक्षा. पिएरने जिथे शिकवणं थांबवलं होतं, त्याच्या पुढच्या वाक्यापासून तिने सुरुवात केली. घरी सासरे होतेच. मुलगा गेल्यावर त्यांनी सुनेचं घर सोडलं नाही, तिनेही सोडू दिलं नाही. १९१० मध्ये ते गेले तोवर इरेनचे खरे पालक तेच होते.

बाकीचा भाग ओळखीचा आहे. १९११ मध्ये रसायनशास्त्राचं दुसरं नोबेल, आणि त्याच वर्षी सहकाऱ्याशी असलेल्या संबंधांवरून वर्तमानपत्रांनी घातलेला धुमाकूळ. पहिल्या महायुद्धात क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन ती इरेनबरोबर थेट जखमींपर्यंत गेली. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून तिला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, कारण पेटंट न घेतलेल्या बाईला ते विकत घेणं परवडत नव्हतं.

जिनिव्हाशी संबंध मात्र तुटला नव्हता. ज्या विद्यापीठाला क्युरींनी ऐनवेळी नकार कळवला होता, त्यानेच १९०९ मध्ये आपल्या ३५० व्या वर्षाच्या समारंभात मेरीला सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याच वेळी ती मिळालेल्यांत तरुण आइनस्टाइनही होता. १९२२ पासून राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीची सदस्य म्हणून ती जिनिव्हाच्या बैठकांना जाऊ लागली.

१९३४ च्या उन्हाळ्यात ताप उतरेना, तेव्हा क्षय असेल असं समजून एव्ह तिला आल्प्सच्या पायथ्याच्या सॅनेटोरियममध्ये घेऊन गेली. प्रवासातच मेरीची शुद्ध हरपली. तिथे तपासण्या झाल्या, फुप्फुसात काही सापडेना. मग जिनिव्हाहून एका प्राध्यापक डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते आले, रक्ताचे अहवाल ओळीने मांडून बघितले, आणि दुखणं रक्ताचं आहे हे त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं रेडियम हाताळून शरीरात रक्त तयार होणंच थांबलं होतं. ४ जुलै १९३४ च्या पहाटे मेरी गेली. तिला पिएरच्या शेजारी पुरलं.